लॅपटॉपची रॅम वाढवायच्या आधी हे बघा

ऑफिसचा लॅपटॉप स्लो झाला की लोक सरळ रॅमची पट्टी मागवतात आणि मग खोलल्यावर कळतं की रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली आहे, पट्टी लावायला जागाच नाही. विंडोज असेल तर न खोलता दोन मिनिटांत कळतं.

१. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा.
२. खाली 'फॉर्म फॅक्टर' बघा. सो-डिम (लॅपटॉपची सुटी रॅम पट्टी) असेल तर पट्टी बदलता येते, 'रो ऑफ चिप्स' असेल तर बहुतेक सोल्डर केलेलीच. पातळ बिझनेस लॅपटॉप आणि टॅबलेटमध्ये सर्रास असंच असतं, तिथे पैसे घालवू नका.
३. सो-डिम असेल तर 'स्लॉट्स यूज्ड' बघा, १ ऑफ २ म्हणजे एक जागा रिकामी. (सोल्डर रॅमवर हा आकडा कधीकधी काहीही दाखवतो, त्यावर जाऊ नका.)
४. स्पीड बघा. रॅमचा प्रकार त्यावरून कळतो: साधारण २१३३ ते ३२०० म्हणजे डीडीआर४, ४८०० आणि पुढे त्यानंतरची डीडीआर५. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते त्यामुळे एकाच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही, जोर लावला तर स्लॉट जाईल.

काही मॉडेलमध्ये थोडी रॅम सोल्डर आणि वर एक स्लॉट असं मिश्रण असतं, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून जास्तीत जास्त किती जीबी चालते ते बघाच.

आणि खोलताना चार्जर काढलात तरी आतली बॅटरी चालू असते, तिचा कनेक्टर आधी काढा.