गिटारच्या ब्रिजवर वजन चढवण्याआधी: पाच रुपयांच्या नाण्याची चाचणी

गिटारच्या तारा ब्रिजमध्ये, म्हणजे वरच्या फळीवर चिकटवलेल्या लाकडी तुकड्यात, धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिनांऐवजी पितळी ब्रिज पिना घातल्या की आवाज ‘भरदार’ होतो, असं दुकानात हमखास सांगतात. आवाज बदलतो हे खरंच. पण तो आपल्याला आवडेल का, हे पैसे घालण्याआधी घरीच ऐकून घ्या.

अकूस्टिक गिटारच्या सहा तारांचा ताण मिळून ७० किलोंच्या आसपास असतो आणि तो पेलणारी वरची फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाड. नुसती तार फारशी हवा हलवत नाही. ती ब्रिजला हलवते, ब्रिज फळीला, आणि आपण ऐकतो तो फळीचा आवाज. ब्रिज असतो साधारण ३० ग्रॅमचा. प्लॅस्टिकच्या सहा पिना ३ ग्रॅमच्या आत-बाहेर भरतात, पितळी संच मात्र १५ ग्रॅमच्या पुढे जातो. एवढं वजन हलवताना तारेची दमछाक होते. आवाजाची फेक कमी होते, पण तारेतली ताकद सावकाश खर्च होत असल्याने आस, म्हणजे सूर रेंगाळण्याचा वेळ, लांबते.

१. गिटार सुरात लावा. फोन हातभर अंतरावर ठेवून मोकळी सहावी तार, मोकळी पहिली तार आणि एक जी कॉर्ड रेकॉर्ड करा.

२. पाच रुपयांचं पिवळं नाणं (२०११ ते २०१८ मधलं, ६ ग्रॅम) पोस्टर चिकटवायच्या पुटीने ब्रिजच्या लाकडावर, पिनांच्या मागे बसवा. फळीच्या पॉलिशला पुटी लावू नका. तेच पुन्हा वाजवा.

३. आता नाणी तीन करा. १८ ग्रॅम, म्हणजे जवळपास पितळी संचच. माझ्या गिटारवर इथे पहिली तार गोड, लांब वाजली. पण कॉर्डमधला मोकळा खर्ज दबला. बोटांनी वाजवणाऱ्याला हे चालेल, गाण्याला साथ करणाऱ्याला कदाचित नाही.

४. पिना बदलायच्याच असतील तर साउंडहोलमधून, म्हणजे फळीतल्या गोल भोकातून, छोटा आरसा घालून बघा. तारेच्या टोकाची गोळी ब्रिजखालच्या, आतल्या लाकडी पट्टीला घट्ट टेकलेली हवी. ती नीट बसवल्यानेच कित्येकदा आवाज सुधारतो, फुकटात.

तारांच्या ओढीने फुगलेली फळी सपाट करण्यासाठी गिटारच्या आत, ब्रिजखाली जो ठोकळा आणि दांडा बसवतात, त्याचा अंदाज नाण्याने येत नाही. तो वजनाबरोबर फळीचा ताठरपणाही बदलतो. फुगवट्यामुळे तारा उंच झाल्या असतील तर तो जरूर बसवा, नुसत्या आवाजासाठी नको. थोडा फुगवटा तर चांगल्या गिटारलाही असतो. आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात फळी दमट हवेने फुगते, तेव्हा निर्णय घेऊ नका. गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि दिवाळीनंतर फळीवर सरळ मोजपट्टी आडवी धरून फुगवटा पुन्हा बघा.