ध्रुवाखालचं तेल कुणाचं? पृथ्वीगोलावर मोजून ठरवायची पद्धत

कोल्हापुरातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेचे गट बसतात. आर्क्टिकचा विषय निघाला की तिथली चर्चा लगेच ‘रशिया विरुद्ध अमेरिका’वर घसरते. त्याआधी एक काम करायला हवं. ज्या जागेबद्दल बोलतोय ती किनाऱ्यापासून किती लांब आहे, ते मोजायचं. बरेचसे वाद तिथेच मिटतात.

त्यासाठी ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. भिंतीवरचा जगाचा नकाशा इथे चालत नाही. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत गोल घेताना वरचं टोक तपासा. बऱ्याच गोलांवर नेमका ध्रुवच स्क्रूच्या चकतीखाली झाकलेला असतो. तसा असेल आणि कमानीतून निघत नसेल, तर मापात चकतीची त्रिज्या मिळवावी लागेल.

एक अंश अक्षांश म्हणजे ६० सागरी मैल. या गोलाचा परीघ ९४.२ सेंमी, म्हणून एक अंशाला २.६ मिमी. साध्या कागदाची बारीक पट्टी कापा आणि टोकापासून ०.५, ८.७ आणि १५.३ मिमीवर टोकदार पेन्सिलीने खुणा करा. या झाल्या १२, २०० आणि ३५० सागरी मैलांच्या. दोरा नको, तो ताणला जातो. इथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे बेचाळीस किलोमीटरची चूक. २०० सागरी मैल म्हणजे ३७० किमी, साधारण कोल्हापूरहून रस्त्याने मुंबई गाठण्याइतकं.

पहिला प्रश्न, कुठला ध्रुव? ६० अंश दक्षिणेच्या खाली असाल तर अंटार्क्टिक करार लागू होतो; त्याच्याकडे शेवटी येऊ. उत्तरेला असा एकच सर्वव्यापी करार नाही. तिथे मुळात समुद्र आहे, आणि समुद्राला १९८२चा सागरी कायद्याचा करार लागतो.

आता पट्टी लावा. १२ मैलांच्या आत प्रादेशिक समुद्र, म्हणजे किनारी देशाचं सार्वभौमत्व. २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र: तिथले मासे, तेल, वायू यांवर त्याच देशाचा हक्क. आर्क्टिकमधले बहुतेक अपेक्षित साठे याच पट्ट्यात किंवा जमिनीवर आहेत. रशियाचा यमालचा वायुप्रकल्प जमिनीवर, नॉर्वेचं गोलियात तेलक्षेत्र नॉर्वेच्या हद्दीत. त्यांच्या मालकीबद्दल भांडण नाही. ‘तेलासाठी रस्सीखेच’ असा मथळा दिसला की आधी हे तपासा.

भांडण २०० मैलांपलीकडे आहे. पट्टीचं टोक डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलंडच्या अगदी उत्तर टोकाला, ८३ अंश ४० मिनिटांवर ठेवा आणि ध्रुवाकडे न्या. ३५० मैलांची खूण ध्रुवाच्या अलीकडेच, जेमतेम सव्वा मिलिमीटर आधी संपते. ध्रुव तिथून ३८० मैलांवर आहे आणि हेच जमिनीचं सर्वांत जवळचं टोक. मग डेन्मार्क, रशिया आणि कॅनडा ध्रुवापर्यंत दावा कशाच्या जोरावर करतात?

उत्तर त्याच सागरी कायद्याच्या कराराच्या कलम ७६ मध्ये आहे. २०० मैलांपलीकडे समुद्रबूड जमीन देशाच्या भूभागाचाच नैसर्गिक विस्तार असेल, तर तिच्या तळावर हक्क मिळतो. मर्यादा दोन: ३५० मैल, किंवा २,५०० मीटर खोलीच्या रेषेपासून पुढे १०० मैल. देश यातली जास्त लांबची निवडू शकतो. पण निव्वळ सागरी पर्वतरांगेवर मात्र ३५० मैलच. म्हणून ध्रुवाजवळून जाणारी समुद्राखालची लोमोनोसोव्ह रांग निव्वळ रांग आहे की खंडाचाच तुकडा, या भूशास्त्रीय प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. तिन्ही देश ती आपल्याच खंडाचा भाग मानतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली: रशियाने २००७ मध्ये ध्रुवाखालच्या तळावर झेंडा रोवला, म्हणून हक्क आला असं समजणं. कायद्यात त्या झेंड्याला शून्य किंमत आहे. दुसरी: संयुक्त राष्ट्रांचा आयोग निकाल देईल असं मानणं. २१ तज्ज्ञांचा हा आयोग फक्त शास्त्रीय पुरावा तपासून शिफारस करतो. दोन देशांचे दावे एकमेकांवर चढले तर हद्द त्यांनीच ठरवायची. नॉर्वे आणि रशियाने बॅरेंट्स समुद्रात २०१० मध्ये करार करून ती ठरवली.

तळ आणि पाणी वेगळं धरा. २०० मैलांपलीकडे तळ मिळाला तरी वरचं पाणी सर्वांचं. तिथल्या तेलावर सहाव्या वर्षापासून उत्पादनाचा १ टक्का, वाढत बाराव्या वर्षी ७ टक्के, आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणामार्फत इतर देशांना द्यावा लागतो.

आकड्यांबाबत सावध राहा. सगळीकडे फिरणारे ९० अब्ज पिंपं तेल आणि जगातल्या न सापडलेल्या वायूपैकी ३० टक्के हे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे २००८चे अंदाज आहेत. त्यात काढायचा खर्च धरलेलाच नाही. ‘साठे सापडले’ असं लिहिलंत तर चूक.

तापमानवाढीचा कायद्यावर होणारा परिणाम बहुतेक टिपणांत सुटतो. सागरी कायद्याच्या कराराच्या कलम २३४ नुसार, जिथे वर्षाचा बहुतेक काळ बर्फ असतो तिथे किनारी देश २०० मैलांपर्यंत जहाजांना प्रदूषणाचे कडक नियम लावू शकतो. रशिया आपल्या उत्तर किनाऱ्यालगतच्या जहाजमार्गावर, म्हणजे उत्तर सागरी मार्गावर, याचाच आधार घेतो. बर्फ कमी झाला की या कलमाचा पायाच ढासळतो. शिवाय १९९६ मध्ये स्थापन झालेली आर्क्टिक परिषद ही तिथल्या देशांची संघटना कायदे करत नाही. आठ सदस्यांच्या सहमतीने चालते आणि लष्करी विषय तिच्या कक्षेबाहेर आहेत. भारत तिथे २०१३पासून निरीक्षक आहे.

आता दक्षिण. १९५९च्या करारात सात देशांचे दावे गोठवले आहेत: मान्यही नाहीत, नाकारलेलेही नाहीत. १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे त्या कराराला जोडलेल्या पूरक कराराने, वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांशी संबंधित सर्व कामांवर बंदी घातली. ‘ही बंदी २०४८ मध्ये संपते’ हे वाक्य गटातल्या कुणाच्याही वहीत दिसलं तर खोडा. प्रोटोकॉल १९९८ मध्ये लागू झाला. पन्नास वर्षांनी, म्हणजे २०४८ नंतर, सल्लागार देश (करारात निर्णयाचा हक्क असलेला) फेरआढाव्याची परिषद मागू शकतो, एवढंच. बंदी उठवायची तर आधी खाणकामाची बंधनकारक नियमव्यवस्था लागू असावी लागते, आणि बदल लागू होण्यासाठी १९९१ मधल्या सर्व २६ सल्लागार देशांची मंजुरी लागते. एक फट खरी आहे: मान्य झालेला बदल तीन वर्षांत लागू झाला नाही, तर देश नोटीस देऊन प्रोटोकॉलमधून बाहेर पडू शकतो. त्या २६ देशांत भारत आहे, त्यामुळे भारताच्या मंजुरीशिवाय हा बदल होऊ शकत नाही.