शाब्दिक कोडी रचताना आणि सोडवताना या चुका टाळा

आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात कोड्यांची स्पर्धा असते आणि तिच्यासाठी लोकांनी रचून पाठवलेली कोडी तपासण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. कोडी दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच असतात. त्यांपैकी बहुतेक चुका अज्ञानातून होत नाहीत, घाईतून होतात. एका शब्दाचे दोन अर्थ सापडले की रचणाऱ्याला कोडे पूर्ण झाले असे वाटते आणि तो लगेच ते पुढे पाठवून देतो.

सर्वांत जास्त घात करते ते लिंग. मराठीत एकाच उच्चाराच्या दोन शब्दांचे लिंग पुष्कळदा वेगळे असते. विड्यातला कात पुल्लिंगी आणि सापाची कात स्त्रीलिंगी. देवाला घातलेली माळ स्त्रीलिंगी आणि गावाबाहेरचा माळ पुल्लिंगी. आदर या अर्थाचा मान तो, तर शरीराचा भाग असलेली मान ती. या शब्दांवर कोडे रचताना क्रियापदाने लिंग दाखवले की एकतर उत्तर फुटते किंवा कोडे खोटे ठरते.

हे मी फार वाईट प्रसंगातून शिकलो. स्पर्धेसाठी मी स्वतः एक कोडे दिले होते : "विजेत्याच्या गळ्यात पडतो, दुसऱ्याच्या पदरी पडतो, सांगा पाहू कोण?" उत्तर होते 'हार'. बक्षीस वाटपानंतर एक निवृत्त शिक्षिका आपली उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आल्या. त्या प्रश्नासमोर त्यांनी पेन्सिलीने 'हार' असे लिहिले होते, त्यावर एक सरळ रेघ ओढली होती आणि शेजारी दुसराच शब्द लिहिला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "पराभव या अर्थाची हार पदरी पडते, पडतो नव्हे. म्हणून मी ते उत्तर खोडले." एका गुणाने त्यांचा पहिला क्रमांक गेला होता. त्यांचे भाषेचे ज्ञान माझ्यापेक्षा पक्के होते आणि नेमक्या त्याच कारणाने त्या हरल्या होत्या. निकाल जाहीर झालेला होता, बक्षीस दिले गेले होते आणि मला क्षमा मागण्यापलीकडे काहीही करता आले नाही. ती खोडलेली पत्रिका मी मागून घेतली. ती अजून माझ्या कागदपत्रांत आहे.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कोड्यातील क्रियापद शक्यतो भविष्यकाळात ठेवायचे, कारण 'पडेल', 'येईल', 'मिळेल' ही रूपे तो, ती आणि ते या तिन्हींना सारखीच चालतात. "गळ्यात पडेल तर मिरवाल, पदरी पडेल तर झुराल" असे लिहिले असते तर त्या बाईंना ते उत्तर खोडावे लागले नसते. आपल्या जुन्या कोड्यांकडे नीट पाहिले तर हीच युक्ती तेथेही दिसते. "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" यातील 'फिरे' किंवा तशीच 'करी', 'येई' ही रूपे लिंगाचा पत्ता लागू देत नाहीत. स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग यांची जोडी असेल तर 'असते', 'तरते' हेही चालते. म्हणूनच हाताचे बोट आणि पाण्यातली बोट यांवर "हातात असते, पाण्यात तरते" असे निर्दोष कोडे होऊ शकते.

दुसरी चूक अक्षरे मोजण्याची. "तीन अक्षरी शब्द, मधले अक्षर काढले की निवडणुकीत देता येते" असे एक कोडे माझ्याकडे आले आणि त्याचे उत्तर 'मस्त' असे दिले होते. 'मस्त' हा शब्द दोन अक्षरी आहे : 'म' आणि 'स्त'. जोडाक्षर हे एकच अक्षर असते. त्यातला अर्धा 'स' काढून 'मत' उरवणे म्हणजे शब्दाची मोडतोड होय. हल्ली काही जण संगणकाने दाखवलेली संख्या पुरावा म्हणून पुढे करतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, 'मस्त' हा शब्द म, स, हलन्ताचे चिन्ह आणि त अशा चार घटकांनी साठवला जातो. त्या चाराचा अक्षरांशी काहीही संबंध नाही. बोटांवर मोजावे, यंत्रावर विसंबू नये. अनुस्वारही आपल्या अक्षराबरोबरच जातो.

असे कोडे नीट जमले तर किती देखणे होते, यासाठी 'गजर' हा शब्द घ्या. पहिले अक्षर काढाल तर शालूवर शोभेल, मधले काढाल तर कवठात सापडेल, शेवटचे काढाल तर डुलत चालेल आणि काहीच काढले नाही तर पहाटे झोप मोडेल. जर, गर, गज आणि गजर. एकही मात्रा इकडची तिकडे करावी लागत नाही. असा शब्द मिळेपर्यंत थांबण्याची तयारी नवशिक्यांत फार कमी दिसते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेऊ नये. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. हे दोन वेगळे शब्द आहेत. उलटसुलट सारखे वाचले जाणारे वाक्य म्हणून सगळे 'चिमा काय कामाची' सांगतात, पण त्यात आरंभी ऱ्हस्व आणि शेवटी दीर्घ आहे. 'ती होडी जाडी होती' हे मात्र काटेकोर आहे.

इंग्रजी कोड्यांची भाषांतरे करू नका. "हात आहेत पण टाळी वाजवत नाही" याचे उत्तर घड्याळ असे सांगतात. मराठीत घड्याळाला हात नसतात, काटे असतात. "काटे आहेत पण टोचत नाहीत" असे म्हटले की ते आपले कोडे होते.

सोडवणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे मनातल्या मनात आणि घाईने वाचणे. नलदमयंतीच्या कथेवरील जुन्या काव्यात विरहाने व्याकूळ झालेली दमयंती म्हणते, "औषध नलगे मजला". आई ऐकते 'न लगे', म्हणजे औषध नको, आणि बरे म्हणून मान डोलावते. दमयंतीच्या मनात असते 'नल गे', म्हणजे नळ हेच माझे औषध. हा सभंग श्लेष, म्हणजे शब्द वेगळ्या ठिकाणी तोडून साधलेला दुहेरी अर्थ, केवळ डोळ्यांनी वाचून हाती लागत नाही. मी प्रत्येक कोडे तीनदा मोठ्याने वाचतो आणि दर वेळी थांबण्याची जागा बदलतो. ज्यांना दहा सेकंदांत उत्तर हवे असते ते यापूर्वीच मोबाइलवर उत्तर शोधू लागलेले असतात. रचणाऱ्यांसाठीही यात एक सूचना आहे. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत, त्यामुळे तोड कोठे करायची हे वाचणाऱ्याच्या हाती राहत असे. आज आपण शब्दांत जागा सोडतो आणि ती एक जागा सगळे उघड करते. म्हणून असे कोडे लिहून द्यायचे असेल तर तो भाग जोडूनच लिहावा. तोंडी सांगायचे असेल तर तेथे श्वास घेऊ नये.