मथळा बदलला आणि मजकूरही

उन्हाळी कांद्याच्या साठवणुकीवर मी लिहिलेल्या पहिल्या लेखाचा मथळा होता, ‘कांदा साठवणूक : एक महत्त्वपूर्ण आढावा’. तो कुणी फारसा उघडला नाही, आणि ज्यांनी उघडला तेही दुसऱ्या परिच्छेदापुढे गेले नाहीत. कारण मथळ्यात कुणाचाही प्रश्न नव्हता आणि पहिल्या दोन परिच्छेदांत कांद्याचे महत्त्वच सांगितले होते, जे शेतकऱ्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

मथळा बदलताना आधी मी ‘हे वाचाच’ या धर्तीचा दिला. लेख उघडणारे वाढले, थांबणारे नाहीत. वाचकाचा विश्वास असा खर्च करणे मला आजही चुकीचे वाटते.

मग बांधावर कानी पडणारे शब्दच उचलले : ‘चाळीतला कांदा का सडतो?’ (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड.) मथळा इतका आखूड ठेवला, की मोबाइलवर त्याचा शेवट तीन टिंबांत गडप होऊ नये. पहिल्याच वाक्यात उत्तर दिले : काढणीनंतर पात आणि मान, म्हणजे पात कांद्याला जोडलेली असते तो भाग, नीट न सुकवता भरलेला कांदा आधी सडतो. त्यापुढे कृती लिहिली : काढलेला कांदा पातीसह ३ ते ४ दिवस शेतात अशा रीतीने पसरावा, की एका ओळीची पात शेजारच्या ओळीतल्या कांद्यांवर सावली धरेल, मग इंच-सव्वा इंच मान राखून पात कापावी आणि कांदा सावलीत सुकवावा. ‘महत्त्वपूर्ण’ हा शब्द सगळीकडून काढला.

आता वाचक विचारतात, ‘सावलीत किती दिवस?’ पुढच्या लेखाचा मथळा तोच आहे.