सिनेटरने संसदेत नेमकं काय काम केलं ते हॅन्सर्डमधून कसं शोधायचं

ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं की मतदान सक्तीचं होतं आणि मग निवडणुकीच्या दिवशी हातात येतो तो सिनेटचा लांबच लांब पांढरा कागद, त्यावरची निम्मी नावं आपण आयुष्यात ऐकलेली नसतात, त्यामुळे बरेच जण रेषेच्या वरच्या चौकटीत पक्षांना १ ते ६ आकडे टाकून मोकळे होतात. पण हेच लोक पुढे वर्षानुवर्षं तिथे बसून मेडिकेअर म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, चाइल्डकेअरचं अनुदान, एनडीआयएस म्हणजे अपंगांसाठीची योजना, कामगार कायदे, शाळांचा पैसा असं सगळं ठरवतात. आणि ते तिथे काय बोलले, कशाला हो म्हणाले, कशाला नाही, हे सगळं हॅन्सर्डमध्ये, म्हणजे संसदेतल्या बोलण्याच्या अधिकृत नोंदीत, फुकट वाचायला मिळतं. आपली मंडळी ते वाचत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून नीट बसून लिहितोय.

आधी थोडक्यात पाया. सिनेटमध्ये ७६ जण, सहा राज्यांतून प्रत्येकी १२ आणि कॅनबेराचा एसीटी आणि नॉर्दर्न टेरिटरी यांचे प्रत्येकी २. राज्यांच्या सिनेटरची मुदत ६ वर्षं, टेरिटरीवाल्यांची मात्र खालच्या सभागृहाच्या निवडणुकीबरोबर संपते. आपल्याकडे महाराष्ट्राचे राज्यसभेतले १९ खासदार आमदार निवडून देतात, इथे सिनेटर थेट लोकांच्या मतावर येतात, त्यामुळे ते सरकारला अडवायला कचरत नाहीत. बजेटची मुख्य विधेयकं सिनेट स्वतः सुरू करू शकत नाही की बदलू शकत नाही, पण रोखू शकते, १९७५ ला रोखली होती आणि त्यातूनच पुढे पंतप्रधान व्हिटलम यांचं सरकार गेलं.

आता शोध. पहिली गोष्ट म्हणजे सिनेटरचं सगळंच वाचायला जाऊ नका. दहाबारा वर्षं बसलेल्या माणसाची हजारो पानं असतात, दोन संध्याकाळी वाचाल आणि सोडून द्याल. एक विषय धरा, शक्यतो एक विधेयक, आणि त्याच्या मागेपुढे जा. मी इथे उदाहरण घेतो सुझन रायन यांचं, कारण त्यांचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर दिसतं. एसीटीला सिनेटच्या जागा मिळाल्यावर डिसेंबर १९७५ च्या पहिल्याच निवडणुकीत त्या लेबर पक्षाकडून आल्या, १९८३ ला पंतप्रधान हॉक यांच्या सरकारात शिक्षणमंत्री झाल्या, फेडरल लेबरच्या कॅबिनेटमधल्या पहिल्या महिला त्या, आणि १९८८ च्या सुरुवातीला राजीनामा देऊन बाहेर पडल्या. ज्या कायद्याने इथे नोकरीत बाईला ती बाई आहे म्हणून, तिचं लग्न झालंय म्हणून किंवा ती गरोदर आहे म्हणून नाकारणं देशभर बेकायदा ठरलं तो १९८४ चा सेक्स डिस्क्रिमिनेशन अॅक्ट त्यांनी सिनेटमधून नेला. आज आपल्या ज्या मुली इथल्या हॉस्पिटलात, बँकेत, आयटीत काम करतायत त्यांना रोज लागू होणारा कायदा आहे हा.

संसदेच्या वेबसाइटवर पार्लइन्फो नावाचा सर्च आहे, तिथे जायचं. नुसतं नाव टाकलंत तर प्रेस रिलीज, वर्तमानपत्राची कात्रणं, समितीचे रिपोर्ट सगळं एकत्र कोसळतं, म्हणून आधी सिनेट हॅन्सर्ड एवढंच निवडा, मग तारखांची मर्यादा घाला, मग नाव आणि विधेयकाचं नाव. एखादा निकाल उघडला की मजकुराच्या वर छोटा तक्ता दिसतो, तारीख, पान क्रमांक, आणि त्यात स्पीकर (म्हणजे बोलणारा, सभापती नव्हे), क्वेश्चनर, रिस्पॉन्डर, इंटरजेक्टर असे वेगवेगळे रकाने. हे रकाने नीट बघाच. तुमचा सिनेटर नुसत्या इंटरजेक्टरच्या रकान्यात असेल तर तो मध्येच ओरडलाय, भाषण दुसऱ्याचं आहे, आणि असे निकाल ढिगाने येतात. शिवाय मध्येच मारलेली टिप्पणी बोलणाऱ्याने उत्तर दिलं तरच सहसा नोंदली जाते, त्यामुळे गोंधळ किती झाला याचा अंदाज हॅन्सर्डवरून बांधू नका. आणि हो, हॅन्सर्ड अगदी जसंच्या तसं नसतं, तेच तेच बोललेलं, अडखळलेलं काढून टाकतात, अर्थ बदलत नाहीत. ताज्या दिवसाची प्रत प्रूफ म्हणजे कच्ची असते, कुठे उद्धृत करायची असेल तर अंतिम प्रत येईपर्यंत थांबा.

जुनं शोधत असाल, म्हणजे १९०१ ते १९८० मधलं, तर हिस्टॉरिक हॅन्सर्ड नावाची वेगळी साइट वाचायला जास्त सोपी आहे. २००६ नंतरचं हवं असेल तर ओपन ऑस्ट्रेलिया. रायन यांचा मुख्य काळ नेमका या दोघांच्या मधे पडतो, तो पार्लइन्फोवरच वाचावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विधेयकाचे सिनेटमध्ये टप्पे असतात. फर्स्ट रीडिंग नुसती औपचारिकता. सेकंड रीडिंगला तत्त्वावर चर्चा होते, तिथे मंत्री विधेयक का आणलं ते सांगतात आणि बाकीचे ठरलेल्या वेळेत आपापली भाषणं करतात, यातली बरीचशी आधीच लिहून आणलेली. लोक इथेच थांबतात, भाषण छान झालं, विषय संपला. पण सिनेटर कसा आहे ते कळतं पुढच्या टप्प्यात, जिथे अख्खं सभागृहच समिती बनून कलम न् कलम घेतं, हॅन्सर्डमध्ये वर इन कमिटी असं छापलेलं असतं. इथे मंत्र्याला सल्लागारांना बाजूला बसवून उत्तरं द्यावी लागतात, कोणीही पुन्हा पुन्हा उठून विचारू शकतं, या शब्दाचा अर्थ काय, हे अमुक लोकांना लागू होणार का, मग ही सूट कशाला. लिहून आणलेलं भाषण इथे उपयोगी पडत नाही. ज्याने विधेयक वाचलंय तो दोन मिनिटांत ओळखू येतो आणि ज्याने नाही वाचलं तोही.

रायन यांच्या विधेयकाचंच बघा. विरोधी पक्षात असताना १९८१ ला त्यांनी खासगी विधेयक मांडलं, ते मंजूर होणार नव्हतंच, पण त्यात पुढचा सगळा आराखडा आहे. मंत्री झाल्यावर जून १९८३ मध्ये सरकारी विधेयक आलं. ते आधी सिनेटमध्येच मांडलं गेलं, कारण मंत्री स्वतः सिनेटर होत्या. त्याच जुलैत ऑस्ट्रेलियाने स्त्रियांवरच्या भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार, सीडॉ, मान्य केला, आणि हे चर्चा वाचताना माहीत पाहिजे, नाहीतर भेदभावाच्या चर्चेत लोक सारखे राज्यांचे हक्क आणि परदेशी करार यावर का घसरतायत ते कळणारच नाही. इथल्या घटनेत भेदभावावर कायदा करायचा थेट अधिकार केंद्राला नाही, परराष्ट्र व्यवहाराच्या अधिकारातून करार अमलात आणायचा म्हणून तो कायदा करता येतो, आणि टास्मानियन डॅमच्या खटल्यात हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, हा अधिकार नुकताच, १ जुलै १९८३ ला, मोठा धरला होता. (हाच सीडॉ भारताने १९९३ ला मान्य केला आणि कामाच्या जागच्या लैंगिक छळावरच्या १९९७ च्या विशाखा निकालात सुप्रीम कोर्टाने त्याचा आधार घेतला, तेव्हा ही चर्चा आपल्यालाही अगदी परकी नाही.)

त्या काळात दिवसाच्या सुरुवातीला आलेले अर्ज म्हणजे पिटिशन्स हॅन्सर्डमध्ये छापलेले असायचे, ते वगळू नका. कुटुंबव्यवस्था मोडेल म्हणून विरोध करणाऱ्या विमेन हू वॉन्ट टू बी विमेन सारख्या संघटना तेव्हा जोरात होत्या. बाहेर किती दबाव होता ते भाषणांपेक्षा या अर्जांवरून कळतं. मग दुरुस्त्या, सवलती, धार्मिक शाळांना वगळायचं का, खेळांचं काय, विम्याचं काय. आज कायद्यात ३८ वं कलम धार्मिक शाळांच्या सवलतीचं आहे आणि त्यावर अजून वाद चालू आहे, त्याची मुळं तुम्हाला तिथे सापडतात.

आणि एक काम जरूर करा, १९८१ चं विधेयक, १९८४ ला मंजूर झालेला कायदा आणि १९८६ चा अफर्मेटिव्ह अॅक्शन कायदा शेजारी शेजारी ठेवा. कंपन्यांनी स्त्रियांना संधी देण्यासाठी स्वतः कार्यक्रम आखायचा हा भाग १९८१ ला होता, १९८४ च्या कायद्यात नाही, आणि १९८६ ला १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांसाठी वेगळा कायदा होऊन परत आला. म्हणजे बाईंनी तो मुद्दा सोडला नव्हता, मुख्य कायदा पार पडावा म्हणून बाजूला ठेवला होता, असं मी तरी वाचतो. हे एका भाषणात कुठेच दिसणार नाही, पाच वर्षांचे कागद जोडले तरच दिसतं.

क्वेश्चन टाइम दुपारी दोनला असतो, फेसबुकवर फिरणाऱ्या क्लिपा बहुतेक तिथल्याच. त्यावर फार वेळ घालवू नका. सत्ताधारी सिनेटरने आपल्याच मंत्र्याला विचारलेल्या सोप्या प्रश्नाला इथे डोरोथी डिक्सर म्हणतात, ते तर सरळ सोडून द्या. आणि सिनेटमधला मंत्री खालच्या सभागृहातल्या मंत्र्यांच्या वतीनेही उत्तरं देतो, तेव्हा ते त्याचं स्वतःचं खातं नसतं हे लक्षात ठेवा, तिथे त्याचं मत शोधू नका. त्यापेक्षा लेखी प्रश्न बघा, क्वेश्चन्स ऑन नोटिस. कंटाळवाणे दिसतात पण त्यात आकडे असतात.

त्याहून चांगलं म्हणजे एस्टिमेट्स. १९७० पासून सिनेटच्या समित्या खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून खर्चाचा हिशोब विचारतात, मेमध्ये बजेटनंतर मोठी फेरी, शिवाय वर्षाअखेरीकडे आणि फेब्रुवारीत. याचं हॅन्सर्ड वेगळं असतं, समित्यांच्या विभागात, म्हणून नुसतं सिनेट हॅन्सर्ड शोधलंत तर हे सगळं निसटतं. शाळा, अपंगत्व, घरं, पेन्शन अशा विषयात विरोधी किंवा अपक्ष सिनेटरचं निम्मं काम इथे असतं. अधिकारी टेकन ऑन नोटिस म्हणाला की त्या प्रश्नाचं लेखी उत्तर नंतर समितीच्या पानावर येतं, ते जाऊन उघडा, प्रश्नाचा खरा निकाल तिथेच लागतो.

मतदानाबद्दल. आवाजी मतदान झालं तर कोणी काय म्हटलं ते नावानिशी नोंदत नाहीत. डिव्हिजन म्हणजे मोजून मतदान झालं, चार मिनिटं घंटा वाजली, तरच नावांची यादी येते. यादीत नाव नाही म्हणजे दांडी मारली असं लगेच समजू नका, दोन बाजूंचे एकेक जण ठरवून बाहेर राहतात त्याला पेअर म्हणतात. दे व्होट फॉर यू या साइटवर हे विषयवार मांडलेलं आहे, पण लेबरचे सिनेटर कॉकसच्या, म्हणजे पक्षाच्या खासदारांच्या बैठकीच्या, निर्णयाला बांधलेले असतात, त्यामुळे त्यांच्या मतावरून पक्ष कळतो, माणूस नाही. माणूस कळतो विवेकाच्या मतदानात, म्हणजे कॉन्शन्स व्होटमध्ये, जिथे पक्षाचा आदेश नसतो. २०२२ च्या डिसेंबरला असं झालं. १९९७ च्या कायद्याने दोन्ही टेरिटरींचा इच्छामरणावर कायदा करायचा हक्क काढून घेतला होता, तो परत देणारं विधेयक सिनेटमध्ये मंजूर झालं. त्या दिवसांची भाषणं वाचा, एकाच पक्षाचे लोक दोन्हीकडे आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचं कारण द्यावं लागलंय.

अपक्षांचं आणखी वेगळं. रायन यांच्याच एसीटीमधून २०२२ ला आलेले डेव्हिड पोकॉक, ऑस्ट्रेलियाच्या रग्बी टीमचे माजी कॅप्टन, यांनी त्याच वर्षाअखेरीला कामगार कायद्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना सरकारकडून एक अट मान्य करून घेतली, दर बजेटआधी गरिबी आणि सरकारी मदतीच्या भत्त्यांवर सल्ला देणारी स्वतंत्र समिती. अशा वेळी नुसती मतांची यादी बघितली तर फक्त हो दिसतं. हो कशाच्या बदल्यात ते बघायला समितीचा टप्पा, दुरुस्त्यांचा कागद आणि त्या आठवड्यातलं मंत्र्यांचं बोलणं एकत्र वाचायला लागतं.

नोंदी ठेवायची माझी पद्धत साधी आहे, एका शीटवर तारीख, पान, टप्पा, सिनेटरने काय मागितलं, काय मिळालं. शेवटचा रकाना बरेचदा रिकामा राहतो आणि तो रिकामा ठेवायचाच, अंदाजाने भरायचा नाही. ओपन ऑस्ट्रेलियावर सिनेटरच्या नावाचा किंवा विषयाचा ईमेल अलर्ट लावून ठेवता येतो, म्हणजे रोज जाऊन बघायला नको. आणि काही खटकलं तर सिनेटरच्या ऑफिसला लिहा, मराठी मंडळाच्या वतीने लिहिलंत तर आणखी बरं. पण तुम्ही अमुक बोललात असं मोघम नको, तारीख, पान क्रमांक आणि त्या टप्प्याचं नाव टाका, मग प्रश्न एकच विचारा.