पावसाळ्यापूर्वी साइड-बाय-साइड गाडीचे बेल्ट कव्हर उघडून पाहावे : चिकू बागायतदारांसाठी सल्ला

मुंबईत मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते. २०२५ साली मात्र तो २६ मे रोजीच आला आणि ज्यांनी फवारणी व यंत्रांची देखभाल मृग नक्षत्रावर सोडली होती, त्यांना दोन्ही कामे चिखलात उभे राहून करावी लागली. त्यामुळे मुंबईत राहून डहाणू, पालघर, वसई, कर्जत किंवा अलिबाग येथील बागा सांभाळणाऱ्यांनी पुढील कामे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत संपवावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

गेल्या काही वर्षांत मोठ्या बागा, रोपवाटिका आणि फार्महाउस येथे शेजारी-शेजारी दोन आसने व मागे मालाचा हौदा असलेल्या साइड-बाय-साइड गाड्या दिसू लागल्या आहेत. हौद्यात टाकी आणि पंप बसवून चिकू-आंब्याच्या ओळींतून फवारणीसाठी त्या चांगल्या चालतात. या गाड्यांची देखभाल करताना जुन्या आणि नव्या बांधणीतील फरक मला जवळून पाहता आले आणि बागेचे नुकसान कशामुळे होते, तेही कळले. ते कारण एकच आहे. गाडी पाण्यातून गेल्यावर बेल्ट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाची गती चाकांकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्यावरील झाकणाच्या, तळाचे बूच उघडून पाणी काढले जात नाही.

याचा पिकाशी संबंध सरळ आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि याच पट्ट्यात पावसाळ्यात फायटोप्थोरा बुरशीमुळे कोवळ्या फळांची कूज आणि गळ होते. तिच्यावर १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी पाऊस स्थिरावण्यापूर्वी व्हावी लागते. मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी घ्यावे. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहावी आणि तिच्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी. हे मिश्रण त्याच दिवशी वापरायचे असते, दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग राहत नाही. आता असे समजा की, उघडीप मिळाली आहे, टाकी भरली आहे, मजूर आले आहेत आणि भरलेली गाडी ओळीच्या मध्यावर थांबली. इंजिन जोरात फिरते, पण चाके हलत नाहीत. मिश्रण वाया जाते, उघडीप निघून जाते आणि पुढची उघडीप आठवडाभराने मिळते, तोपर्यंत झाडाखाली फळांचा सडा पडलेला असतो. अशा बागा मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक गाड्यांत मोडलेले असे काहीच नव्हते. बेल्ट फक्त ओला होता.

यातील बहुसंख्य गाड्यांत टप्प्याटप्प्याने बदलायच्या गिअरच्या जागी दोन पुली आणि त्यांच्यावर फिरणारा रबरी बेल्ट असतो; लो, हाय व न्यूट्रल निवडण्याची सोय मात्र वेगळी असते. वेग वाढतो तशा पुलीच्या तबकड्या जवळ किंवा दूर सरकतात आणि गती बदलते. घर्षणामुळे बेल्ट तापतो, म्हणून कव्हरमध्ये एका नळीने बाहेरची हवा आत घेऊन दुसऱ्या नळीने बाहेर सोडलेली असते. ज्या नळीतून हवा येते, तिच्यातूनच पाणीही येते. ओला बेल्ट पुलीवर घसरतो, घसरताना एकाच जागी जळतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग तो सुकल्यावरही पकड घेत नाही.

जुन्या बांधणीत हवेच्या नळीचे तोंड आसनाखाली किंवा मागच्या चाकाजवळ खाली असायचे. नव्या गाड्यांत मला ते आसनाच्या पाठीमागे वर किंवा पुढच्या बॉनेटखाली नेलेले दिसले. काही गाड्यांत कव्हरच्या कडेला रबरी सील आले आहे, बोल्टची संख्या कमी झाली आहे आणि बेल्टचे तापमान मोजून डॅशबोर्डवर इशारा देणारा सेन्सरही बसवलेला आहे. ही सुधारणा चांगली आहे, परंतु तिच्यामुळे मालक निर्धास्त होतो. नळी लांब झाली म्हणजे तिचे सांधेही वाढले. सांध्यावरचा क्लॅम्प सैल असेल किंवा उंदराने नळी कुरतडली असेल, तर तोंड कितीही उंचावर असले तरी पाणी मधूनच शिरते आणि सीलबंद कव्हरमधून ते आपोआप बाहेरही पडत नाही. जुन्या ढिल्या कव्हरमधून पाणी निदान झिरपून जात असे. म्हणून नव्या गाडीत तळाचे बूच उघडणे जुन्या गाडीपेक्षा अधिक गरजेचे आहे, कमी नाही.

गाडी ओहोळातून, साचलेल्या वाफ्यातून किंवा उधाणाच्या भरतीने पाणी चढलेल्या खाजणाच्या रस्त्यावरून गेली असेल, तर कोरड्या जागी थांबवून इंजिन बंद करावे. कव्हर गार झाल्यावर तळाचे बूच काढून पाणी पूर्ण निघू द्यावे आणि बूच पुन्हा घट्ट बसवावे. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हात-पाय व कपडे फिरत्या भागांपासून दूर राखून, दहा-पंधरा सेकंद एक्सलरेटर कमी-जास्त करावा, म्हणजे आतल्या हवेने बेल्ट सुकतो. एक्सलरेटर पूर्ण दाबून धरू नये. मग लो गिअरमध्ये सावकाश पुढे नेऊन पाहावे आणि बेल्ट घसरत असेल तर हीच कृती पुन्हा करावी. बूच नेमके कोठे आहे हे मॉडेलनुसार बदलते, त्यामुळे ते पावसाआधी शोधून त्याच्याजवळ रंगाची खूण करून ठेवावी. अंधारात, चिखलात ते सापडत नाही.

कव्हर उघडल्यावर आत काळी भुकटी फार असेल, बेल्टच्या कडा उसवल्या असतील किंवा एकाच ठिकाणी चकाकी असेल, तर बेल्ट बदलावा. पुलीच्या तबकड्यांना ग्रीस, तेल किंवा गंज काढणारा फवारा लावू नये. माझा स्वतःचा अंदाज असा, की कव्हरच्या बाहेर पडणाऱ्या हवेला जळक्या रबराचा वास एकदा जरी आला, तरी तो बेल्ट भरलेल्या टाकीसह पूर्ण पावसाळा काढत नाही. हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही, पण मी या वासावर विश्वास ठेवतो आणि एक सुटा बेल्ट व पान्हा गाडीतच ठेवायला सांगतो. भरलेली टाकी, चढ किंवा चिखल असेल तेव्हा हाय गिअर वापरू नये, कारण कमी वेगात हाय गिअरमध्ये ओढले की बेल्ट सर्वाधिक तापतो.

सर्वच गाड्या बेल्टच्या नसतात. होंडाच्या पायोनियर १००० मध्ये दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे, तर कुबोटाच्या आरटीव्ही मालिकेतील अनेक डिझेल गाड्या द्रवदाबावर चालतात. तेथे बेल्टची चिंता नाही, पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांत गती वाटणारा गिअरचा डबा) यांच्या ब्रीदर पाइपची, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याच्या नळीची, आहे. तापलेला डबा पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाइपचे तोंड खाली असेल तर पाणी आत ओढले जाते. नव्या गाड्यांत हे पाइपही वर नेलेले आहेत, मात्र ते निसटलेले किंवा कुंभारमाशीने बुजवलेले असू शकतात. ऑइल दुधाळ दिसले तर गाडी चालवू नये, ऑइल बदलावे, थोडे फिरवून पुन्हा पाहावे.

आणखी एक बदल आपल्या किनारपट्टीला मानवणारा नाही. जुन्या गाड्यांच्या सांध्यांना ग्रीसचे निपल (ग्रीस भरण्याची तोंडे) असत, नव्या अनेक गाड्यांत सीलबंद बुश आणि बेअरिंग आहेत. कोरड्या प्रदेशात त्यामुळे देखभाल कमी होते. आपल्याकडे खारा वारा, खाजणातील चिखल आणि बोर्डोचे थेंब असे तिन्ही एकत्र येतात. मोरचुदातील तांबे लोखंड आणि ॲल्युमिनिअम दोन्ही खाते, त्यामुळे फवारणीनंतर त्याच संध्याकाळी गाडी गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवावी. दाबाचे पाणी सील, वायरिंगचे जोड आणि रेडिएटरच्या पातळ पात्यांवर मारू नये. निपल नसलेल्या सांध्यात गंज दिसत नाही, आवाजानेच कळतो, म्हणून चाक जमिनीवरून उचलून हाताने हलवून पाहावे.

नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचे इंजेक्शन आल्यामुळे गाडी थंडीत-पावसात लवकर सुरू होते. परंतु इंधनाचा पंप पेट्रोलच्या टाकीत असतो आणि शिळे पेट्रोल त्याला सोसत नाही. पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, त्यामुळे दोन-तीन महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये.

नेहमीची कामे:
– इंजिन ऑइल व फिल्टर
– एअर फिल्टर, त्याच्या डब्यातील धूळ
– कूलंटची पातळी
– ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल
– बॅटरीचे टर्मिनल
– एक्सलचे रबरी बूट
– टायरमधील हवा
– हौद्यातील टाकीचे पट्टे

विक्रेते या काळात संपूर्ण सर्व्हिस किट, इंजिन धुण्याची रसायने आणि ऑइलमध्ये मिसळायच्या बाटल्या पुढे करतात. त्यांपैकी बहुतेकांची गरज नसते. पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे साधे ऑइल पुरते, इंधनशुद्धीच्या बाटलीपेक्षा ताजे पेट्रोल बरे. याला दोन अपवाद आहेत. काही गाड्यांच्या पुढच्या डिफरन्शियलला विशिष्ट द्रवच लागतो, तेथे काटकसर करू नये. कूलंटऐवजी नुसते पाणीही घालू नये. आपल्याकडे ते गोठणार नाही हे खरे, पण कूलंटमधील गंजरोधक घटक आपल्यालाच अधिक हवे आहेत. पैसा वाचवायचाच असेल तर तो बाटल्यांवर वाचवून सुट्या बेल्टवर खर्च करावा.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी बूच उघडून पाहावे, फवारणीची टाकी अर्धी भरून एक फेरी मारावी, मगच मोरचूद भिजत घालावे. दुपारी वारा पूर्ण पडला आणि दक्षिणेकडे ढग साचले तर त्या दिवशी मिश्रण करू नये, असा माझा अनुभव आहे. फवारणीनंतर किमान चार तास झाड कोरडे राहावे एवढे तरी पाहावे. पुढच्या फवारण्यांच्या वेळा कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राला विचारून ठरवाव्यात. बागेत दोन पाठीवरचे पंप आणि एक रिकामे पिंप तयार ठेवावे. गाडी तरीही थांबली, तर तिच्यामागे दिवस घालवू नये. टाकीतील मिश्रण पिंपात उतरवून, ज्या ओळींत मागच्या वर्षी फळगळ जास्त होती त्या ओळी पाठीवरच्या पंपांनी आधी संपवाव्यात आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढत शेडखाली न्यावी.