मित्रांसोबत गोल्फ स्पर्धा पाहायला जाताना या चुका टाळा

व्यावसायिक गोल्फ स्पर्धा पाहायला निघालेली मित्रमंडळी बहुधा एकच बेत आखतात : सर्वांत नामवंत खेळाडू पहिल्या होलवर, म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी पहिल्यावर, गाठायचा आणि अठराव्या होलपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही. दिवस वाया घालवण्याचा याहून खात्रीचा मार्ग माझ्या पाहण्यात नाही. टीव्हीवर कॅमेरा प्रत्येक फटक्यामागे धावतो, त्यामुळे नवख्या प्रेक्षकाला वाटते की आपणही असेच धावावे. पण कॅमेऱ्याला गर्दीच्या डोक्यांवरून पाहता येते, आपल्याला येत नाही.

एका स्पर्धेच्या शनिवारी आमच्यातील एका उत्साही मित्राने सर्वांना आघाडीच्या जोडीमागे ओढत नेले. शनिवार-रविवार या शेवटच्या दोन दिवशी खेळाडू गुणक्रमाच्या उलट्या क्रमाने खेळायला उतरतात, म्हणजे आघाडीवरचे सर्वांत शेवटी. साहजिकच तोपर्यंत कोर्सवरील निम्मी गर्दी त्यांच्याच वाटेला लागलेली असते. प्रत्येक टीजवळ, म्हणजे होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेजवळ, दोरीला लागून माणसांच्या तीन-चार रांगा होत्या. आम्हाला दिसला तो एका टोपीचा वरचा भाग, वर गेलेले क्लबचे टोक आणि मग आकाशाकडे वळलेल्या शेकडो माना. चेंडू कुठे पडला हे पुढच्यांच्या उद्गारांवरून ओळखावे लागत होते. काही होलनंतर आमचा गट पांगला. फोन नियमाप्रमाणे मूक असल्याने कोणी कोणाला सापडेना, आणि धावत पुढे निघालेल्या त्या मित्राला मार्शलने, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्याने, हात वर करून जागीच उभे केले, कारण शेजारच्या ग्रीनवर (छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) कोणीतरी पटच्या, म्हणजे चेंडू हलकेच छिद्रात ढकलण्याच्या, तयारीत होता.

आमच्यापैकी एकाने मात्र या मोहिमेत यायला सकाळीच नकार दिला होता. तो एका पार-तीन (तीन फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या) होलच्या ग्रीनमागील उंचवट्यावर बसून राहिला. संध्याकाळी तो सांगत होता की छिद्रातल्या ध्वजाच्या उजवीकडे पडलेला प्रत्येक चेंडू त्या दिवशी उतारावरून घसरत बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) काठाशी जात होता, आणि दुपारनंतर अनुभवी खेळाडूंनी मुद्दाम डावीकडे, ध्वजापासून लांब चेंडू टाकायला सुरुवात केली. आमच्या पदरात मोजकेच फटके पडले होते. त्याने मात्र जवळपास प्रत्येक खेळाडू पाहिला होता आणि आम्ही ज्याच्या मागे फरफटलो तोही त्याच्यासमोरून गेला होता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे : टी-टाइमची (कोण कधी खेळायला उतरणार याची) यादी आणि कोर्सचा नकाशा आदल्या रात्री समोर ठेवायचा, दोन होल एकाच जागेवरून दिसतील असा एखादा उंचवटा शोधायचा आणि दिवसाचा मोठा भाग तिथेच घालवायचा. एखाद्या खेळाडूमागे चालायचेच असेल तर त्याच्या एक होल पुढे राहावे, म्हणजे तो टीवरून मारत असताना आपण चेंडू जिथे पडणार त्या बाजूला दोरीजवळ उभे असतो. पहिल्या दोन दिवशी बहुतेक मोठ्या स्पर्धांत तिघांचे गट पहिल्या आणि दहाव्या अशा दोन्ही टींवरून सुटतात, त्यामुळे कोर्सभर खेळ विखुरलेला असतो आणि गर्दीही तुलनेने कमी असते. हौशी मंडळी मात्र फक्त रविवारचा हट्ट धरतात. अमेरिकेत मास्टर्स स्पर्धा होते त्या ऑगस्टा नॅशनलवर तर घडीची खुर्ची सकाळी ग्रीनजवळ ठेवून खुशाल फिरायला जाता येते, ती जागा कोणी बळकावत नाही. तिथे धावायला आणि मोबाइल न्यायला मनाई आहे, आणि हे दोन्ही नियम इतर ठिकाणीही यावेत असे माझे मत आहे.

दुसरी चूक अधिक चिडवणारी आहे. नामवंत खेळाडूचा चेंडू होलच्या छिद्रात पडला की टाळ्या वाजवत अर्धी गर्दी पुढच्या टीकडे निघते, आणि त्याच्या सोबत्याचा चार फुटांचा पट अजून बाकी असतो. कदाचित त्या एका पटवर तो ‘कट’ पार करणार की नाही हे ठरणार असते. पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेत दोन फेऱ्यांनंतर साधारणपणे पहिले 65 आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेलेच पुढे खेळतात, आणि मागे राहिलेल्यांना सहसा बक्षिसाची रक्कम मिळत नाही. अशा वेळी शेकडो पायांची हालचाल त्याच्या नजरेच्या टप्प्यात सुरू होते. मी माझ्यासोबत येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो की ध्वज पुन्हा छिद्रात खोवला जाईपर्यंत कोणीही जागचे हलायचे नाही. ज्याला घाई असेल त्याने वेगळे जावे.

किरकोळ चुका थोडक्यात. नवे बूट घालून येऊ नये, कारण चढउतारांसह आठ-दहा किलोमीटर सहज चालणे होते. स्वाक्षरी फेरीनंतर मागावी, टीकडे निघालेल्या खेळाडूला अडवून नव्हे. फटका बसताक्षणी ओरडणाऱ्यांबद्दल न लिहिलेलेच बरे.

भरकटलेला चेंडू गर्दीत आला तर तो उचलू नये, आठवण म्हणून तर मुळीच नाही. प्रेक्षकाने हलवलेला थांबलेला चेंडू दंडाविना मूळ जागी ठेवता येतो, पण ती जागा कोणालाच नक्की सांगता येत नाही. आणि हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून फक्त तीन मिनिटे मिळतात. चेंडू गर्दीकडे येत असल्याचा इशारा म्हणून ‘फोर’ अशी हाक आली की वर पाहण्याऐवजी डोके हातांनी झाकून खाली वाकावे. 2018 च्या रायडर कपमध्ये (युरोप आणि अमेरिका यांच्यातील सांघिक स्पर्धेत) पॅरिसजवळच्या ल गोल्फ नॅशनलवर अमेरिकी खेळाडू ब्रूक्स केपकाचा चेंडू लागून एका प्रेक्षक महिलेच्या एका डोळ्याची दृष्टी गेली.

विजेबाबतचा निष्काळजीपणा याहून गंभीर आहे. 1991 मध्ये अमेरिकेतील हेझलटाइन येथील यूएस ओपनमध्ये झाडाखाली आसरा घेतलेल्या प्रेक्षकांवर वीज पडून एकाचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी क्रुकेड स्टिक या मैदानावरील पीजीए चॅम्पियनशिपमध्ये आणखी एका प्रेक्षकाचा जीव गेला. तरीही ढग गडगडू लागले की अनेक जण मोक्याची जागा जाईल म्हणून बसून राहतात किंवा जवळचे झाड गाठतात. खेळ तातडीने थांबवण्याचा दीर्घ भोंगा वाजल्यावर उघड्या ग्रॅन्डस्टँडमध्येही थांबू नये. भेटण्याचे ठिकाण सकाळीच ठरवावे आणि ती पक्की इमारत असावी, कारण त्या क्षणी सगळेच एकदम फोन लावू लागतात आणि कोणाचाच लागत नाही.